शरणागती म्हणजे हातावर हात ठेवणे नव्हे

महोदय,

आषाढी जवळ आली की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत आणि मोबाइलवरच्या प्रवचनांत ‘सगळे देवावर सोपवा, निश्चिंत व्हा’ हा उपदेश हमखास भेटतो. उपदेश खोटा नाही. पण सोपवायचे म्हणजे नेमके करायचे काय, हे सांगायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. ज्यांना ते पाहायचे असेल त्यांनी आळंदीहून निघणाऱ्या पालखी सोहळ्याची शिस्त जवळून पाहावी.

दिंडीत चालणाऱ्याच्या हाती फार थोडे उरते. कोणती दिंडी रथापुढे आणि कोणती रथामागे, कोणत्या प्रहरी कोणते अभंग, विसावा कुठे आणि मुक्काम कोणत्या तळावर, हे सारे परंपरेने ठरलेले असते. घरी ज्याच्या शब्दावाचून पान हलत नाही, असा कर्ता माणूसही येथे मुकाट्याने ओळीत चालतो. मात्र हे मुकाटपण म्हणजे गप्प बसणे नव्हे. संध्याकाळी तळावर समाजआरतीसाठी सगळ्या दिंड्या जमतात, टाळमृदंगाचा गजर टिपेला पोहोचतो आणि सोहळ्याची शिस्त राखणाऱ्या चोपदारांनी हातातला चोप म्हणजे दंड उंचावताच हजारोंचा समुदाय क्षणात शांत होतो. अशा वेळी ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती एकटीच टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतले जाते, आणि मगच तिचे टाळ थांबतात. शिस्त न मोडता तक्रार मांडण्याची ही सोय शरणागतीवरच्या व्याख्यानांत मला तरी कधी ऐकायला मिळाली नाही. शिष्याने प्रश्न विचारला की त्याची श्रद्धाच कमी पडली, असा निवाडा देणाऱ्या बुवामंडळींना ती अडचणीची वाटत असावी.

हाती धरलेले सोडण्याची खरी परीक्षा २०२० साली झाली. करोनामुळे पायी वारी रद्द झाली, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि तुळशीची माळ घातल्यापासून वारी न चुकवलेली माणसे घरीच राहिली. संसार देवावर सोपवणे त्या मानाने सोपे. आयुष्यभर सांभाळलेला स्वतःचा नेमही त्याच्याच हवाली करणे अनेकांना जड गेले. २०२१ मध्ये पुन्हा तीच वेळ आली, तेव्हा पायी जाऊ द्या असा आग्रह काहींनी उघडपणे धरला. त्यांना हट्टी ठरवण्याची घाई मी करणार नाही, कारण तेही आपल्या परीने टाळ वाजवतच राहिले होते. तरीही ज्यांनी घरच्या उंबऱ्याआत हरिपाठ म्हणून एकादशी केली, त्यांची वारी घडली नाही असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

रिंगणाची आणि ड्रोनमधून टिपलेल्या गर्दीची छायाचित्रे आपण दरवर्षी छापता, ती जरूर छापावीत. यंदा आपल्या वार्ताहराला एका संध्याकाळी समाजआरतीलाही पाठवावे आणि एखाद्या दिंडीचे टाळ का थांबले नाहीत, याची बातमी द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, फलटण