उंदरांचा हिवताप आणि आपल्या बातम्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जिवाणूंमुळे किंवा एखाद्या लसीमुळे उंदरांना हिवतापापासून संरक्षण मिळाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून अधूनमधून येतात आणि दोन दिवसांत त्यांची कात्रणे मोबाइलवर फिरू लागतात. गेल्या पावसाळ्यात अशाच एका कात्रणावरून गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात आशा सेविका असलेल्या माझ्या भाचीने फोन करून विचारले, "मामा, दही खाल्लं की मलेरिया होत नाही असं छापून आलंय. गावात सांगू का?" 'सांगू नकोस' हे उत्तर लगेच देता आले, त्याचे कारण समजावून सांगायला मात्र अर्धा तास लागला. अनेक वर्षे प्राणिशास्त्र शिकवलेला एक वाचक या नात्याने ते कारण आपल्या वाचकांसमोर ठेवावेसे वाटते.

पहिली गोष्ट अशी की, प्रयोगशाळेतल्या साध्या उंदराला माणसाचा हिवताप होत नाही. त्याच्यावर जे परोपजीवी, म्हणजे शरीरात राहून हिवताप घडवणारे सूक्ष्मजीव, वापरतात ते मूळचे आफ्रिकेतील रानउंदरांचे आहेत. प्लास्मोडियम बर्घी हा त्यांपैकी सर्वांत परिचित, आणि तो १९४८ मध्ये तत्कालीन बेल्जियन काँगोतील कटांगा भागात सापडला. विन्केई, शाबोदी आणि योएली या त्याच्या भावंडजाती. या जाती एकाच उंदरात निरनिराळ्या प्रकारचे आजार घडवतात, आणि उंदराचा वाण बदलला की तोच परोपजीवी वेगळा वागतो. म्हणूनच 'उंदरांना मलेरियापासून संरक्षण मिळाले' हे वाक्य कोणता परोपजीवी आणि कोणता उंदीर हे सांगितल्याशिवाय जवळजवळ निरर्थक ठरते.

तरीही या संशोधनाला कमी लेखण्याचा माझा हेतू मुळीच नाही. उलट त्यातील काही प्रयोग मला आजही थक्क करतात. १९७६ मध्ये इयन क्लार्क, अँथनी ॲलिसन आणि फ्रँक कॉक्स यांनी दाखवून दिले की, क्षयावरील बीसीजी लस आधी दिलेले उंदीर एरवी हमखास प्राण घेणाऱ्या विन्केईच्या संसर्गातून वाचतात. (हे ॲलिसन म्हणजे १९५४ मध्ये सिकलसेल आणि हिवताप यांचा संबंध पूर्व आफ्रिकेत सिद्ध करणारे शास्त्रज्ञ, विदर्भात सिकलसेलची झळ सोसणाऱ्या कुटुंबांनी हे नाव लक्षात ठेवावे असे आहे.) पुढे या तिघांनी कोरिनेबॅक्टेरियम पार्व्हम या मेलेल्या जिवाणूनेही तसेच संरक्षण मिळते हे दाखवले. बीसीजी आणि हिवतापाचा परोपजीवी यांच्यात काहीही साम्य नाही, म्हणजे एका रोगाची लस दुसऱ्या रोगाला ओळखून अडवत होती असे म्हणता येत नव्हते. त्याहून महत्त्वाचे निरीक्षण असे की, परोपजीवी तांबड्या पेशींच्या आतच मरून पडलेले दिसत होते, आणि प्रतिपिंडे (विशिष्ट जंतू ओळखून त्याला चिकटणारी शरीरातील प्रथिने, म्हणजे अँटिबॉडीज) तर पेशीच्या आत शिरत नाहीत. त्यामुळे जिवाणूंनी चेतवलेल्या पेशी रक्तात काही तरी सोडत असाव्यात, आणि तेच परोपजीवीला मारत असावे, असा तर्क या मंडळींनी केला. शरीराची विशिष्ट ओळखीवर न चालणारी ही प्रतिकाराची बाजू इतकी प्रभावी असू शकते, हे तोवर फार थोड्यांच्या लक्षात आले होते.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. चेतवलेल्या पेशी जे पदार्थ सोडतात त्यांपैकी एक म्हणजे ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर. १९८७ मध्ये ग्राऊ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, बर्घीमुळे उंदरांत होणाऱ्या मेंदूच्या हिवतापात हाच पदार्थ घातक ठरतो, आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे टोचली तर उंदीर त्या अवस्थेतून वाचतात. ज्या चेतनेने विन्केई आटोक्यात येतो, तिच्यातलाच एक पदार्थ बर्घीच्या संसर्गात मेंदूवर उलटतो. 'रोगप्रतिकारशक्ती वाढवा' असे सरसकट सांगणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

लसीच्या बाबतीतही तेच. १९७७ मध्ये प्लेफेअर यांच्या गटाने मारलेल्या परोपजीवींची लस उंदरांना टोचली आणि सोबत तिचा जोर वाढवण्यासाठी डांग्या खोकल्याचे जिवाणू दिले. योएलीविरुद्ध या लसीने जे साधले ते बर्घीविरुद्ध साधले नाही. पद्धत एकच, प्राणी एकच, परिणाम मात्र वेगळा.

दह्याच्या बातमीचे मूळ २०१६ च्या एका अमेरिकी शोधनिबंधात असावे. एकाच वाणाचे, पण निरनिराळ्या पुरवठादारांकडून आणलेले उंदीर योएलीच्या संसर्गाला फार वेगवेगळ्या प्रकारे तोंड देत होते, आणि हा फरक त्यांच्या आतड्यातील जिवाणूंमुळे होता, असे त्यात आढळले. प्रतिजैविके दिल्यानंतर लॅक्टोबॅसिलस आणि बायफिडोबॅक्टेरियम असलेले योगर्ट दिलेल्या उंदरांत परोपजीवींचे प्रमाण घटले. संसर्ग टळला नाही. त्याआधी २०१४ मध्ये पोर्तुगालमधील शास्त्रज्ञांनी आतड्यातील ई. कोलाय या जिवाणूच्या एका प्रकारामुळे तयार होणारी प्रतिपिंडे डासाने त्वचेत सोडलेल्या स्पोरोझॉइटना, म्हणजे परोपजीवीच्या सुरुवातीच्या रूपाला, मारतात, हे दाखवले होते. त्यात वापरलेले उंदीर, ही प्रतिपिंडे जिला ओळखतात ती अल्फा-गॅल ही शर्करा माणसाप्रमाणेच स्वतः तयार करू न शकणारे, मुद्दाम घडवलेले होते. हा तपशील बातमीत गाळला की सगळा अर्थच गळतो.

बीसीजीबद्दलही असाच गैरसमज पसरतो. उंदरांना ती शिरेतून आणि संसर्गाआधी ठरावीक काळाने दिली होती. आपल्याकडे ती बाळाच्या दंडावर, कातडीत टोचतात. गडचिरोलीतल्या मुलांना ही लस जन्मानंतर लगेच मिळते, आणि तरीही पावसाळ्यानंतर त्यांना हिवतापाने फणफणताना माझी भाची पाहते.

मग या उंदरांच्या प्रयोगांतून माणसाच्या हाती काय आले? २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या आरटीएस,एस या पहिल्या हिवताप लसीत जो जोर वाढवणारा घटक आहे, त्याचा एक भाग साल्मोनेला जिवाणूच्या आवरणातून काढून, त्याचा विषारीपणा कमी करून बनवलेला आहे. अख्ख्या जिवाणूने चेतवण्याची जुनी कल्पना अशी शुद्ध आणि मोजून देता येणाऱ्या रूपात आली. २०२३ मध्ये शिफारस झालेली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी आर-२१ ही लस त्याच कामासाठी झाडाच्या सालीतील सॅपोनिन वापरते. या दोन्ही लसी माणसाला हिवताप देणाऱ्या फाल्सिपेरम या जातीसाठी आहेत. आपल्याकडे भरपूर आढळणाऱ्या व्हायव्हॅक्स या दुसऱ्या जातीसाठी नाहीत, हेही पुण्याच्या लसीचा अभिमान बाळगताना छापायला हवे.

आपणास विनंती एवढीच, की यापुढे अशी बातमी देताना 'उंदीर' हा शब्द मथळ्यातच असावा, आणि परोपजीवीची जात, उंदराचा वाण, जिवाणू किंवा लस संसर्गाच्या आधी दिली की नंतर, आणि संसर्ग टळला की केवळ सौम्य झाला, हे चार तपशील मजकुरात यावेत. दोन ओळी जास्त लागतील. माझ्या भाचीने त्या दिवशी गावात दह्याऐवजी मच्छरदाणी, ताप आला त्याच दिवशी रक्ततपासणी आणि व्हायव्हॅक्स निघाल्यास प्रायमाक्विन या औषधाचा चौदा दिवसांचा पूर्ण डोस एवढेच सांगितले. पुढच्या वेळी ते सांगायला तिला माझ्या फोनची गरज पडू नये.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापक, नागपूर