वेरावळला व्हिसा लागत नाही

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सोमवारच्या करिअर पुरवणीतला आंतरराष्ट्रीय अभ्यासावरचा, म्हणजे देशादेशांतल्या संबंधांच्या विषयावरचा लेख काल वाचला. काल म्हणजे मंगळवारी. आपला अंक आमच्या बडोद्याला मुंबईहून येतो, आणि पुरवणी कधी त्याच दिवशी येते, कधी दुसऱ्या दिवशी, कधी शेजाऱ्यांकडे पडते. त्याबद्दल शेवटी लिहीन. आधी लेख.

लेखाच्या डोक्यावर विमान. विमानाखाली काळ्या टोप्या हवेत उडवणारी हसरी मुलं. पहिल्या परिच्छेदात एम.ए.चा विषय, दुसऱ्यात आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा, तिसऱ्यात व्हिसाची मुलाखत, चौथ्यात बँकेचं कर्ज, आणि शेवटी बॅगेचं वजन किती असावं ते. लोणच्याची बरणी हातसामानात घेऊ नये ही सूचना उपयुक्त आहे, लेखकाचे आभार. पण महाशय, हा लेख विषयाबद्दल होता की प्रवासाबद्दल? मी एकतीस वर्षं मराठी शाळेत भूगोल शिकवला. आमच्या वर्गातही एखादा कारटा असं विषय सोडून बोलायचा, पण त्याला आम्ही लेख लिहायला सांगत नव्हतो. खगोलशास्त्र शिकणाऱ्याला चंद्रावर जावं लागत नाही, तसं जगाचा अभ्यास करणाऱ्याला परदेशी गेलंच पाहिजे असं नाही.

इतकं चिडायला कारण आहे. माझ्या भाचीनं, म्हणजे भावाच्या मुलीनं, इथल्या कला शाखेतून राज्यशास्त्रात बी.ए. केलं आणि 2022 साली घरात जाहीर केलं की मला इंटरनॅशनल स्टडीज करायचंय. दुसऱ्या दिवसापासून आमच्या दांडिया बाजारात बातमी: पोरगी फॉरेनला चालली. दूधवाला विचारी, "केव्हा उडते?" समोरच्या काकूंनी तर लंडनच्या त्यांच्या जावेचा नंबर लिहून आणून दिला. भाची सांगून दमली. शेवटी माझा भाऊही गोंधळला. त्याच्या मित्राच्या मुलाचं काम मुलांना परदेशी पाठवणाऱ्या एका कन्सल्टन्सीनं केलं होतं, म्हणून तो तिला तिथे घेऊन निघाला, आणि त्याला कमी ऐकू येतं म्हणून बरोबर मी.

नाव लिहीत नाही. बडोद्यात अशी दुकानं आता भजीच्या गाड्यांइतकी आहेत. एसी हाफिस, भिंतीवर नकाशा, नकाशात फक्त पाच देशांना टाचण्या. समोर चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा, गळ्यात पट्टा. भाचीनं विषय सांगितला. तो म्हणाला, "हा, फॉरेनमां स्टडी ने? थई जशे." तिनं पुन्हा सांगितलं की देशादेशांतले संबंध, करार, सीमा, त्याचा अभ्यास. त्यानं मान डोलावली, संगणकात 'इंटरनॅशनल' एवढाच शब्द टाकला आणि जी यादी आली ती छापून आमच्यापुढे ठेवली. इंटरनॅशनल बिझनेस. इंटरनॅशनल मार्केटिंग. इंटरनॅशनल हॉस्पिटॅलिटी. पिवळ्या पेननं त्यानं हॉस्पिटॅलिटीवर रेघ मारली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आंटी, कॅनडानी फाइल हमणां स्लो छे, यूके करी दईए." फाइल उघडायचे पंधरा हजार, परत न मिळण्याच्या बोलीवर. भावानं ते भरले. ऐकू न आल्यामुळे की संकोचानं, ते त्यानं अजून सांगितलेलं नाही. बाहेर येऊन आम्ही तिघांनी सेव-उसळ खाल्ली आणि कुणीच काही बोललो नाही.

आपला लेख वाचताना मला तो पिवळा पेन आठवला.

भाची शेवटी दिल्लीला जेएनयूत, म्हणजे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात गेली. इथे आपल्या लेखकाची पहिली चूक: जेएनयूची स्वतःची प्रवेश परीक्षा असते, तिची तयारी आतापासून करा, असं त्यांनी लिहिलंय. 2022 पासून एम.ए.चे प्रवेश सीयूईटीतून, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक परीक्षेतून होतात. पहिल्या वर्षी ती परीक्षाच सप्टेंबरात झाली, आमच्या घरी गणपती बसलेले आणि ही वरच्या खोलीत वह्या घेऊन. ज्या मुलांनी आपला लेख कापून ठेवला असेल ती आता कुठल्या परीक्षेची तयारी करतील, कोण जाणे. आणखी एक, जे त्या कन्सल्टन्सीवाल्यालाही सांगायचं राहिलं: जेएनयूतल्या शिकवणीची वर्षाची फी तीन आकडी असते. आमच्या भावानं फाइल उघडायला जे दिलं त्यात किती वर्षं बसली असती, हा हिशेब मी त्याच्यासमोर करत नाही.

आता मुख्य गोष्ट. एका पेपरासाठी तिला निबंध लिहायचा होता. तिनं विषय घेतला गुजरातच्या मच्छीमारांचा, जे पाकिस्तानच्या हद्दीत गेले म्हणून पकडले जातात. कच्छच्या रणाचा वाद 1965 च्या चकमकीनंतर लवादाकडे गेला, 1968 साली निवाडा झाला, पण टोकाची सर क्रीक त्यात आली नाही. ती साधारण शहाण्णव किलोमीटरची खाडी अजून लटकलेली आहे. खाडीची रेघ ठरली नाही की समुद्रातली रेघही ठरत नाही. मी हा भाग नकाशावर काठी ठेवून वर्षानुवर्षं शिकवला आणि तिथे तुटक रेघ का आहे हे एकाही वर्षी सांगितलं नाही. पुस्तकात नव्हतं.

तर हा निबंध लिहायला भाची कुठे गेली? लंडनला नाही. वेरावळला. रात्रीच्या गाडीनं, सोबतीला मी, डब्यात थेपले. व्हिसा लागला नाही.

बंदरावर वासानं माझं डोकं उठलं, मी एका ओटल्यावर बसले. ती पुढच्या वस्तीत एका बाईच्या घरी गेली आणि मग मलाही बोलावलं. बाईचा नवरा खलाशी, कराचीच्या तुरुंगात. तिनं पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत आधारची झेरॉक्स, बोटमालकाच्या सहीचा कागद, टंडेलचा, म्हणजे बोटीच्या तांडेलाचा, फोन नंबर लिहिलेली बिडीच्या पाकिटाची बाजू. भिंतीवर कॅलेंडर, आणि त्यात दोनच तारखांभोवती गोल: 1 जानेवारी, 1 जुलै. मला वाटलं, सण असतील. भाचीला लगेच कळलं. 2008 साली दोन्ही देशांत करार झाला, त्याप्रमाणे वर्षातून या दोन दिवशी एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या दिल्या जातात. बाई म्हणाली, "यादीमां नाम आव्युं एटले माणस जीवे छे." शाळा तिची चौथीपर्यंत. त्याच करारात आहे की शिक्षा संपल्यावर आणि माणूस कुठला याची खातरजमा झाल्यावर एका महिन्यात सोडायचं. ते महिने ती बाई बोटांवर मोजत होती आणि तिची बोटं दोनदा मोजूनही पुरली नव्हती.

ते सगळं बोलणं गुजरातीत झालं. आमच्या घरात मराठी, गल्लीत गुजराती, त्यामुळे भाचीला दुभाष्या लागला नाही. दिल्लीत तिच्या वर्गातल्या इंग्रजी फाडणाऱ्या मुलांना तो लागला असता. आपले लेखक म्हणतात, "लहान शहरांतल्या मुलांना भाषेची अडचण येते." कुठल्या भाषेची, तेवढं लिहायला हवं होतं.

आणि पुढे काय, हा प्रश्न असतोच. लेखात दोनच वाटा: यूपीएससी नाहीतर प्राध्यापकी. भाची गेल्या वर्षापासून इथल्याच एका रसायनांच्या कारखान्यात निर्यात विभागात आहे. मी विचारलं, तुझ्या मच्छीमारांचा आणि रसायनांचा काय संबंध? तर म्हणाली, आत्या, दोन्हीकडे याद्याच बघायच्या. रंग आणि औषधं करायला थायोनिल क्लोराइड लागतं, त्यातूनच युद्धातला विषारी वायूही करता येतो. म्हणून ते 1997 साली अमलात आलेल्या रासायनिक अस्त्रबंदीच्या करारात नोंदवलेलं आहे, आणि करारात नसलेल्या देशाला पिंप पाठवायचं तर त्याचा वापर कशासाठी होणार याचं तिथल्या सरकारचं प्रमाणपत्र लागतं. शिवाय निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंची आपल्या सरकारची स्कोमेट नावाची वेगळी यादी. पिंप गेटाबाहेर पडण्याआधी हे कुणीतरी वाचावं लागतं. आधी ते काम केमिस्ट्रीवाले करत, त्यांना रसायन कळे, करार कळत नसे. आता ही करते, हिला करार कळतो आणि रसायन ती विचारून घेते. पगार लंडनचा नाही. पण रात्री जेवायला घरी येते.

तसं उलटंही होतं म्हणा. आपले परराष्ट्रमंत्री, जे आमच्या गुजरातेतूनच राज्यसभेवर आहेत, ते रसायनशास्त्राचे पदवीधर आणि नंतर आंतरराष्ट्रीय संबंधांत जेएनयूतून पीएच.डी. हे आपल्या लेखात नाही. आमच्या जिल्ह्यात, डभोई तालुक्यातल्या कुंढेला गावी, गुजरातच्या केंद्रीय विद्यापीठाचं आवार झालंय आणि त्यात आंतरराष्ट्रीय अभ्यासाची शाखा आहे, हेही नाही. सिंगापूर मात्र तीनदा आहे.

राग आणखी एका वाक्याचा. "सयाजीराव महाराजांनी आंबेडकरांना लंडनला कायदा शिकायला पाठवलं" असं छापलंय. महाराजांची शिष्यवृत्ती 1913 ची, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठासाठी, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. मुख्य विषय अर्थशास्त्र. लंडन आणि बॅरिस्टरी त्यानंतरची. दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायचा करार होता, आणि 1917 साली ते त्यासाठी इथे आले तेव्हा या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. आम्ही बडोदेकर पहिला अर्धा भाग भाषणात सांगतो आणि दुसरा गिळतो, तेव्हा आपल्याला एकट्याला कशाला बोल लावू? पण निदान शहर तरी बरोबर छापा.

बडोद्याला 'लहान शहर' म्हटलंत त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. मात्र 2024 च्या दिवाळीआधी स्पेनचे पंतप्रधान इथे आले होते, विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन करायला. हवाई दलाच्या छप्पन्न विमानांपैकी सोळा स्पेनहून तयार यायची आणि चाळीस इथे बनायची, असं ठरलेलं. त्या दिवशी रस्ते असे बंद केले होते की मी पणत्यांची पिशवी घेऊन दोन तास एका चौकात उभी. भाचीनं फोनवर विचारलं, "आत्या, आंतरराष्ट्रीय संबंध कसे वाटतायत?"

आता पुरवणीबद्दल. गेल्या महिन्यात चारपैकी दोन सोमवारी ती आलीच नाही आणि ज्या दिवशी आली त्या दिवशी शब्दकोड्याची उत्तरं भलत्याच कोड्याची होती. विक्रेता म्हणतो वरूनच येत नाही. वरून म्हणजे आपण. वर्गणी वर्षाची आगाऊ भरली आहे, तीही परत न मिळण्याच्या बोलीवर.

पत्र छापल्यास नाव देऊ नये, भाची रागावेल. त्या पंधरा हजारांची पावती मी जपून ठेवली आहे. कशासाठी पैसे घेतले त्या रकान्यात 'इंटरनॅशनल स्टडी' असंच लिहिलंय. आपल्या लेखकाला फोटो हवा असेल तर पाठवते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे