कापूस व इतर

इंदूर

प्रिय अव्या,

फोन उचलले नाहीत म्हणून शिव्या घालून झाल्या असतील, तर पुढे वाच. गुडघा तसाच, साखर ताब्यात.

कुलवृत्तांत माझ्या गळ्यात पडलाय, ठाऊकच आहे तुला. त्यात आमचे पूर्वज बापूजी 'कापसाचे थोर व्यापारी'. माळ्यावरची त्यांची खातेवही परवा मोडीवाल्या गुरुजींकडून वाचून घेतली. कापूस नावालाही नाही. अफू! पाली, जेसलमेर, कराची आणि तिथून गलबताने पोर्तुगीजांच्या दमणला.

ईस्ट इंडिया कंपनीची पाटण्याची अफू मक्त्याची. माळव्याची पिकायची होळकर-शिंद्यांच्या मुलखात. 1818 साली होळकर हरले, मंदसोरचा तह झाला, तरी शेतं संस्थानांतच राहिली. कंपनीने माल स्वतः विकत घेऊन पाहिला, संस्थानिकांशी करार केले. शिंदे बधले नाहीत. मुंबईची वाट बंद, म्हणून उंट निघाले वाळवंटातून. शेवटी 1830 साली साहेबाने हात टेकले : पेटीमागे 175 रुपये भरा, परवाना घ्या, मुंबईला खुशाल न्या.

बापूजींनी त्याचे शेजारी-शेजारी दोन रकाने पाडलेत. एकात परवाना नि बैलगाडी. दुसऱ्यात उंट, ठाण्याठाण्याची जकात, गलबत. खाली बेरीज. जे स्वस्त पडेल तिकडे माल! माझं पेन्शनचं गणितसुद्धा इतकं नेटकं नसतं. चीनमध्ये ती ओढून कोण झिजलं, याला रकाना नाही.

1843 ला इंग्रजांनी सिंध घेतला, कराचीची वाट बुजली. मग कसला संकोच? 1847 पर्यंत परवाना 400 वर.

हॉस्टेलवर तू म्हणायचास, इंग्रजांनी चीनला अफू पाजली. मी मुंबईचे अफू-व्यापारी जमशेटजी जीजीभाईंचं नाव काढलं की ताट सरकवून उठायचास. आता हस खुशाल, पेट्या आमच्याच ओसरीवरून निघालेल्या.

दादा म्हणतो, 'कापूस व इतर' असं छाप. इतर! केवढं पोट आहे त्या 'इतर'ला. काकू म्हणते, नातसुनेच्या माहेरी प्रत जायचीय. मला ते दोन रकाने जसेच्या तसे, फोटोसकट छापायचेत. दादा वर्गणी परत मागेल, आणि छपाईचे निम्मे पैसे त्याचेच.

मिनूचं ठरलं म्हणे, वा! मोतीबिंदूचं काय केलंस? वहिनींना नमस्कार.

प्रुफं पुढच्या आठवड्यात प्रेसला जातील, त्याआधी लिही. भांडायचं असेल तर फोन कर, उचलतो.

तुझा,
बाळ्या