बिऱ्हाड निघालं मेलबर्नला

महोदय,

मुलाचं बिऱ्हाड नुकतंच जहाजाने मेलबर्नला गेलं. किमान १२ महिने स्वतःच्या मालकीच्या आणि वापरातल्या घरगुती सामानावर ऑस्ट्रेलियात सहसा जकात लागत नाही, हे ठाऊक होतं. तिथली खरी धास्ती मातीची आणि किडीची, हे मात्र उशिरा कळलं. बुटांच्या तळाचा वाळका चिखल, बांबूचं सूप, शिंदीची केरसुणी, देव्हाऱ्याच्या लाकडातली भोकं, सगळ्यावर नजर! साफसफाई, धुरी किंवा वस्तू नष्ट करणं, खर्च आपलाच. पॅकिंगवाल्याने यादीत नुसतं ‘किचनचं सामान’ लिहिलेलं, तिथल्या सरकारला सामान जाहीर करण्याच्या फॉर्मवर सही मात्र मुलाची. शेवटी सुनेने खोकी उघडून पाट, पोळपाट, रवी असं एकेक नोंदवलं. (रवी म्हणजे काय, हे इंग्रजीत लिहिताना तिची त्रेधा उडाली.)

– एक वाचक, पुणे