रोटाव्हायरसची लस उसाच्या फडापर्यंत पोहोचवा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि त्यांच्यासोबत अंगावर पिणारी बाळेही जातात. रोटाव्हायरसच्या जुलाबांचा जोर नेमका याच थंडीच्या महिन्यांत असतो. म्हणून या विषाणूवरची तोंडावाटे दिली जाणारी लस यंदाच्या गाळप हंगामात फडापर्यंत पोहोचवावी, अशी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

राज्याच्या नियमित लसीकरणात ही लस २०१९ पासून मोफत मिळते. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना एकेक, असे तिचे तीन डोस असतात. गावातल्या बाळाला ते मिळतात, कारण आशाताईंना घर ठाऊक असते. टोळीबरोबर गेलेल्या बाळाचे पुढचे डोस मात्र सहज राहून जातात. पहिला डोस वर्षाच्या आत देता येतो, त्यामुळे हंगाम संपवून परतल्यावर देऊ, असे म्हणणे नियमात बसते; पण तोवर धोक्याचा हिवाळा त्या बाळाने कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, लसीविनाच काढलेला असतो.

कोयत्यावर गेलेले जोडपे पहाटेच्या अंधारात बाहेर पडते. बाळ फडाच्या कडेला झोळीत असते, नाहीतर जेमतेम सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. उलट्या-जुलाब सुरू झाले की काही तासांत त्याचे डोळे खोल जातात, टाळू बसते, आणि ओआरएस पाजावे तर तेही पोटात ठरत नाही. स्वच्छ पाणी तिथे मिळायलाच हवे. पण केवळ तेवढ्याने हा विषाणू थांबत नाही. लस येण्यापूर्वी श्रीमंत देशांतल्या बालकांनाही तो गाठतच होता.

पुण्याजवळच्या वढूसह देशातील तीन केंद्रांवर झालेल्या रोटावॅक या रोटाव्हायरसवरील लसीच्या चाचणीत बाळाच्या पहिल्या वर्षात या विषाणूच्या गंभीर जुलाबांपासून सुमारे ५६ टक्के संरक्षण दिसले. हे पूर्ण कवच नव्हे, तरीही निम्म्याहून अधिक गंभीर आजार टळणे मला फार मोलाचे वाटते.

टोळ्यांची व मुकादमांची नोंद कारखान्यांच्या शेती विभागाकडे असते. ती गाळप सुरू होताच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला मिळावी आणि लसीकरणाचे सत्र मजूर कोपीवर परतल्यावर, संध्याकाळी घ्यावे. कार्ड गावी राहिले म्हणून कोणत्याही बाळाला परत पाठवू नये, असे लेखी आदेश निघावेत. कर्नाटकात जाणाऱ्या टोळ्यांतील बाळांचे देय डोस निघण्यापूर्वीच पूर्ण करावेत. पुढच्या डोसांसाठी तेथील आरोग्य विभागाशी आपल्याच पातळीवर बोलणे व्हावे लागेल.

कळावे,
आपला विश्वासू