आईने पिना मोजल्या

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

फोनवर मी भरभर बोलते आणि बाबांची वही मागे राहते, म्हणून हे सगळं एकदा कागदावर. बाबा, वहीत उतरवण्यासारखं शेवटी शेवटी आहे. आधीची माझी बडबड आहे, ती नुसती वाचा.

पहिल्यांदा कबुली. तुमच्या जुन्या लॅपटॉपला नवा मॉनिटर लावला त्याच दिवशी बाबा म्हणाले होते, "माणसं जाड दिसतायत आणि अक्षरं विरघळल्यासारखी." मी म्हटलं, डिस्प्ले सेटिंग्जमध्ये जा आणि १६८० × १०५० निवडा. बाबा म्हणाले, यादीत ते नाही. मी म्हटलं, नीट बघा. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा आई मागून म्हणाली, "अगं, मी वाचली यादी, खरंच नाहीये." तरी मी "लॅपटॉप म्हातारा झालाय, काढून टाका आता" असं म्हणून फोन ठेवला. त्यावर बाबा काहीच बोलले नाहीत. भांडला असतात तर बरं वाटलं असतं.

त्याच फोनवर तुम्ही आणखी एक गोष्ट सांगितली होती, बाबा. विंडोज नव्याने टाकल्यापासून लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावरही माणसं जाडच दिसतात, असं. मी हसले होते. खरं म्हणजे अर्धा रोग तुम्ही तिथेच ओळखला होता.

लॅपटॉपचा पडदा १२८० × ८०० ठिपक्यांचा आहे आणि नवा मॉनिटर १६८० × १०५० चा. दोघांचं रुंदी-उंचीचं प्रमाण एकच, १६ ला १०. पण लॅपटॉप चित्र पाठवत होता १०२४ × ७६८ चं, म्हणजे ४ ला ३ या जुन्या चौकोनी प्रमाणातलं. ते रुंद पडद्यावर कडेपर्यंत ताणलं की प्रत्येक चेहरा बरोबर २० टक्के आडवा वाढतो. आईला वाटलं नातू बाळसेदार झालाय. नाही गं, तो होता तसाच काटकुळा आहे.

अक्षरं विरघळण्याचं कारणही यातच आहे. जुन्या खोक्यासारख्या मॉनिटरला अमुक इतकेच ठिपके असं बंधन नव्हतं, येईल ते चित्र तो काढायचा. चपट्या पडद्यावर ठिपके कायमचे बसवलेले असतात. १०२४ ठिपक्यांची ओळ १६८० ठिपक्यांवर पसरायची तर एकेका ठिपक्याच्या वाट्याला दीडपेक्षा थोडी जास्त जागा येते. अर्धा ठिपका पेटवता येत नाही, मग शेजारच्या रंगांची सरमिसळ करून वेळ मारून नेली जाते. तुमच्या चष्म्याचा नंबर वाढलेला नाही, बाबा. (डोळे तपासायला मात्र जा. ते आधीच ठरलंय.)

रविवारी मी दुरून तुमच्या लॅपटॉपमध्ये शिरले तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये (लॅपटॉपच्या भागांची यादी) ग्राफिक्स चिपच्या, म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणाऱ्या चिपच्या, नावाच्या जागी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असं लिहिलेलं दिसलं. हा बदली कामगार. खरा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ती चिप चालवायला शिकवणारा प्रोग्रॅम, सापडला नाही की विंडोज याला उभं करतं, म्हणजे निदान काहीतरी दिसावं. चिपचं खरं बळ त्याला ठाऊक नसतं. चिपच्या आत पूर्वीच लिहून ठेवलेली ठरावीक आकारांची यादी तेवढी तो वाचून दाखवतो, आणि तुमच्या लॅपटॉपमध्ये त्या यादीत रुंद आकार नव्हते. बाबा, तुम्ही तीनदा नीटच बघितलं होतं.

लॅपटॉप २००९ चा. त्याच्या चिपचा शेवटचा ड्रायव्हर विंडोज ७ साठी निघाला आणि आता त्यावर विंडोज १० आहे. चिप बनवणाऱ्यांचा सर्वसाधारण इन्स्टॉलर (ड्रायव्हर बसवून देणारा प्रोग्रॅम) चालवला तर त्याने हात वर केले: हा ड्रायव्हर या संगणकासाठी तपासलेला नाही, लॅपटॉप बनवणाऱ्यांकडून घ्या. लॅपटॉप बनवणाऱ्यांच्या पानावरचा चालवला तर तो म्हणे, तुमची विंडोजच चालणार नाही. ही टोलवाटोलवी तुम्ही दोघं पडद्यावर बघतच होतात.

पण नकार देत होता तो इन्स्टॉलर, ड्रायव्हर नव्हे. इन्स्टॉलर म्हणजे दारावरचा पहारेकरी. विंडोज ७ च्या काळातले बरेचसे ग्राफिक्स ड्रायव्हर विंडोज १० मुकाट चालवून घेतं. म्हणून मी पुढचं दार सोडलं. ड्रायव्हरची फाइल उलगडून एका फोल्डरमध्ये ठेवली आणि डिव्हाइस मॅनेजरमधून 'हॅव डिस्क' या मागच्या दाराने विंडोजला आतली आयएनएफ फाइल दाखवली. कोणत्या चिपांसाठी हा ड्रायव्हर आहे त्यांचे ओळखक्रमांक त्या फाइलमध्ये असतात. तुमच्या चिपचा क्रमांक त्यात होता. पडदा काळा झाला तेव्हा बाबांनी "गेला!" म्हणून हात मागे घेतले. मीही इकडे श्वास धरून बसले होते, ते सांगितलं नाही. रीस्टोर पॉइंट (बिघडलं तर मागे फिरायची खूण) आधी करून ठेवला होता, तरी धाकधूक होतीच.

पडदा उजळला आणि लॅपटॉपवरची माणसं बारीक झाली. मॉनिटरवरची मात्र जाडच राहिली. यादी लांबली होती, पण १६८० तिच्यात नव्हतं, आणि मॉनिटरच्या नावाजागी 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर' असं कोरडं नाव होतं. म्हणजे समोर कोण उभं आहे हेच लॅपटॉपला कळत नव्हतं.

इथे मी भलत्याच वाटेला लागले. मॉनिटर ओळख देत नसेल तर आकडे आपणच हाताने भरू, असं ठरवून हिशेब मांडत बसले. १६८० ठिपक्यांची ओळ प्रत्यक्षात २२४० ठिपक्यांइतका वेळ घेते आणि १०५० ओळींचं चित्र १०८९ ओळींइतका. वरचा वेळ जुन्या खोकेवजा मॉनिटरमधला चित्र काढणारा किरण कडेवरून परत येण्यासाठी सोडलेला. किरण गेला, त्याची वाट बघणं राहिलं. सेकंदाला साधारण ६० चित्रं म्हणजे सव्वाचौदा कोटींहून जास्त ठिपके, नेमके १४ कोटी ६२ लाख ५० हजार. बाबांची शंका होती की म्हाताऱ्याला हे झेपेल का. झेपतं. एवढ्या पडद्याचं एक चित्र जेमतेम ७० लाख बाइटचं, आणि चिपच्या हाताशी त्याच्या कितीतरी पट जागा असते.

दोन रात्री हे आकडे जुळवल्यावर मला सुचलं की मॉनिटर गप्प का, हे आधी विचारावं. हल्लीच्या प्रत्येक मॉनिटरच्या पोटात निदान १२८ बाइटची एक चिठ्ठी असते. तिला ईडीआयडी म्हणतात. मी कोणाचा, कोणत्या साली बनलो, किती सेंटिमीटर रुंद आहे आणि मला कोणतं रिझोल्यूशन, म्हणजे किती ठिपक्यांचं चित्र, मानवतं, एवढं त्यात लिहिलेलं असतं. ही चिठ्ठी केबलमधल्या दोन पिनांवरून जाते, १२ आणि १५ क्रमांकाच्या. लॅपटॉप मॉनिटरला जोडणारी ही निळी केबल व्हीजीए जातीची, आणि ती जात १९८७ पासूनची, पण मॉनिटरने स्वतःची ओळख सांगायची ही रीत १९९४ नंतरची. त्यामुळे जुन्या किंवा स्वस्तातल्या केबलमध्ये या दोन पिना कित्येकदा बसवतच नसत. चित्र त्यांच्यावाचूनही दिसतं, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही.

बुधवारी मी बाबांना पिना मोजायला सांगितल्या. भिंग आलं, टॉर्च आली, आकडा दर वेळी वेगळा. मग आईने केबल हातात घेतली, खिडकीशी नेली आणि सुईत दोरा ओवताना डोळा बारीक करते तसा करून म्हणाली, "वरच्या ओळीत पाच, मधल्या ओळीत चार, खालच्या ओळीत तीन." मधल्या ओळीत एक कमी असणं नेहमीचं आहे, ती नववी पिन बऱ्याच केबलना नसतेच. खालच्या ओळीतल्या न दिसणाऱ्या दोघी, दुसरी आणि शेवटची, म्हणजेच १२ आणि १५. माझे सव्वाचौदा कोटी ठिपके जागच्या जागी राहिले.

आणि मग बाबा हळूच म्हणाले की मॉनिटरच्या खोक्यात एक कोरी केबल आहे, पण जुनी चालतेय तर नवी कशाला फोडायची! बाबा, यावर मी फोनवर काही बोलले नाही. इथेही बोलत नाही.

नव्या केबलने काय झालं ते तुम्ही पाहिलंच. आता वहीत लिहा.

अक्षरं बारीक वाटली तर रिझोल्यूशन कमी करायचं नाही, पुन्हा तेच विरघळणं सुरू होईल. डिस्प्ले सेटिंग्जच्याच पानावर स्केलिंग (अक्षरं मोठी दाखवण्याची सोय) आहे, ते १२५ टक्के करा. विंडोज चिन्हाची कळ दाबून 'पी' दाबलं की चार पर्याय येतात, त्यातला 'सेकंड स्क्रीन ओन्ली' ठेवा. 'डुप्लिकेट' ठेवलंत तर दोन्ही पडद्यांना जमेल तेच चित्र निवडलं जातं, म्हणजे लॅपटॉपचं १२८०, आणि मोठ्या पडद्याचा उपयोग काय मग? डेस्कटॉपवर 'पडद्याचा ड्रायव्हर' नावाचं फोल्डर ठेवलंय, ते साफसफाईत उडवू नका. विंडोज स्वतःला अद्ययावत करताना कधी बदली कामगाराला परत आणून बसवते. पुन्हा माणसं फुगली तर आधी डिव्हाइस मॅनेजर उघडून तिथलं नाव मला वाचून दाखवा. मी ऐकेन.

उजव्या कडेला अक्षरं किंचित थरथरतात असं आई काल म्हणाली, त्याचं सोपं आहे. व्हीजीएमधून आकडे जात नाहीत, कमीजास्त होणारा विजेचा दाब जातो, आणि एकेक ठिपका कुठे सुरू होतो हे मॉनिटरला अंदाजाने ठरवावं लागतं. अंदाज जरा चुकलाय. अक्षरांनी गच्च भरलेलं एखादं पान पडदाभर उघडा आणि मॉनिटरच्या खालच्या कडेचं 'ऑटो' बटण एकदा दाबा. काळोखाचा फोटो उघडून दाबू नका, त्याला कडाच सापडत नाहीत. चित्र दोन-तीन सेकंद हलेल, मग बसेल. नाहीच बसलं तर आईला बघू दे आणि तिला काय दिसतं ते मला कळवा.

तुमचीच,
लेक