फिस्टुलाचा हात कोणता, एवढं तरी शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उपनगरांतल्या वृद्धाश्रमांवरचा कालच्या अंकातला लेख वाचला. बाग, भजन, चोवीस तास अटेंडंट, सगळं आलं. डायलिसिसवरची जी माणसं तिथे राहतात, त्यांचं करणाऱ्यांना कोणी काही शिकवलंय का, यावर मात्र एक ओळ नाही.

माझी आत्या अशाच एका आश्रमात आहे. सोम-बुध-शुक्र डायलिसिस, डाव्या हाताला फिस्टुला, म्हणजे मशीनच्या सुया टोचता याव्यात म्हणून ऑपरेशन करून धमनी आणि शीर जोडलेली जागा. तिथे बोट ठेवलं की मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. ती थांबली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो. त्या हाताला बीपी घ्यायचं नाही, डायलिसिसची सोडून दुसरी सुई टोचायची नाही, घट्ट बांगडीसुद्धा घालायची नाही. मी भेटायला गेले तेव्हा नवी मुलगी नेमका त्याच हाताला पट्टा गुंडाळून फुगवत होती. आत्या म्हणतेय, "बाळा, हा हात नको," आणि ती म्हणतेय, "आजी, हलू नका." पट्टा मीच ओढून काढला. मॅनेजरांचं म्हणणं, "ताई, मुली ब्युरोतून येतात, सारख्या बदलतात. किती जणींना सांगायचं?" येईल तिला सांगायचं! डायलिसिसचा पेशंट म्हणून दरमहा जास्तीचे पैसे घेता, ते कशाचे?

मुलीला मी बोल लावणार नाही. तिला आंघोळ घालणं, डायपर बदलणं दाखवलं आणि कामाला जुंपलं. माया आहे तिला. म्हणून तर रविवारी उकडतंय म्हणून तिने सगळ्यांबरोबर आत्यालाही शहाळं दिलं. शुक्रवारनंतर थेट सोमवारी मशीन. मधल्या दिवसांत अंगात पाणी आणि पोटॅशियम साठत जातं. पोटॅशियम फार चढलं तर हृदय बंद पडू शकतं, आणि शहाळ्यात ते भरपूर असतं. हे तिला कोण सांगणार होतं?

२०१६ पासून केंद्राची डायलिसिस योजना आहे, राज्याच्या महात्मा फुले योजनेतही डायलिसिस बसतं. पण मशीनवर माणूस आठवड्याला साधारण १२ तास असतो. उरलेले १५६ तास या मुलींच्या हातात. जवळच्या डायलिसिस केंद्रातला टेक्निशियन एका सकाळी सगळं शिकवू शकेल. सुईच्या जागेतून रक्त आलं तर कापूस गुंडाळत बसू नका, बोटाने नेमकं तिथेच दाबून धरा, थांबेना तर ताबडतोब हॉस्पिटल. डायलिसिसवरून आलेल्या माणसाला झटकन उभं करू नका, बीपी उतरलेलं असतं. चहा, ताक, आमटीचं पाणीही दिवसाला ठरवून दिलेल्या पाण्याच्या मापात धरा. मानेत कॅथेटर, म्हणजे डायलिसिसची नळी, असेल आणि हुडहुडी भरून ताप आला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. आश्रमांना परवानगी देताना आणि तपासणी करताना सरकारने हे शिक्षण झालंय का ते विचारलंच पाहिजे.

आता तुमच्याबद्दल. 'उन्हाळ्यात ज्येष्ठांनी भरपूर पाणी आणि नारळपाणी प्यावे' हे तुमच्या पुरवणीतलं कात्रण त्या आश्रमाच्या फळ्यावर लावलेलं आहे. किडनीच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारावं, असं त्यात कुठेही नाही. ते काढा म्हटलं, तर मॅनेजर म्हणाले, "पेपरात आलंय ना ताई." तेव्हा त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुरुस्ती छापा. ती मी स्वतः नेऊन लावीन.

आपली,
एक वाचक, मुलुंड (पूर्व)